जोड आणि जोडा : स्त्री-पुरुष कुस्तीच्या कथनांचा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

कुस्तीच्या मैदानात 'जोड' या शब्दाला विशेष अर्थ आहे. जत्रेच्या फडात दोन मल्लांची कुस्ती लावण्यापूर्वी वस्ताद आणि पंच त्यांचे वय, वजन, तालमीतील मेहनत आणि मागील कुस्त्या पाहतात. दोघे एकमेकांच्या तोडीचे आहेत अशी खात्री पटली, की जोड ठरते. जोड नीट लागली नाही तर प्रेक्षकच आधी कुरकुर करतात. एकतर्फी कुस्ती पाहण्यात कोणाला रस नसतो आणि अशा कुस्तीतील विजयाला फारशी किंमतही नसते. याच धातूपासून आलेला 'जोडा' हा दुसरा शब्द मात्र लग्नघरातील आहे. स्त्री आणि पुरुष यांच्यातील कुस्तीची वा द्वंद्वाची कथने एकत्र ठेवून वाचली असता असे दिसते, की त्यांपैकी बहुतेक कथनांची सुरुवात जोडीने होते आणि शेवट जोड्याने. लढत मध्येच केव्हातरी विवाहाची अट बनते आणि मग ती लढत म्हणून पाहिलीच जात नाही.

प्रस्तुत लेखात या रूपांतराचा विचार काही कथनांच्या आधारे केला आहे. त्यांत मार्को पोलोने सांगितलेली मंगोल राजकन्येची हकीकत आहे, जैमिनी अश्वमेधातील प्रमिलेचे आख्यान आहे, मध्ययुगीन जर्मन महाकाव्य 'निबेलुंगेनलीड' आहे, हमीदा बानू या मल्ल स्त्रीची वृत्तपत्रांतून उभी राहिलेली कहाणी आहे आणि अखेर नितेश तिवारी दिग्दर्शित 'दंगल' (२०१६) हा हिंदी चित्रपट आहे. काळ, देश आणि माध्यम या तिन्ही दृष्टींनी ही सामग्री परस्परांपासून दूर आहे. तरीही एक गोष्ट या सर्वांत पुन्हा पुन्हा आढळते. पुरुष जिंकला तर त्याच्या विजयाचे कारण कोणी विचारत नाही. स्त्री जिंकली तर मात्र कारण शोधले जाते, आणि ते तिच्या बळाबाहेर शोधले जाते.

पणाला लागलेली कुस्ती

तेराव्या शतकात मध्य आशियात सत्ता गाजवणाऱ्या कैदू खानाची कन्या खुतुलून हिची हकीकत मार्को पोलोने आपल्या प्रवासवृत्तात दिली आहे. तो तिला निराळ्या नावाने ओळखतो, पण व्यक्ती तीच. ही राजकन्या बापाबरोबर रणांगणात उतरत असे. जो आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशीच विवाह करीन, आणि जो हरेल त्याने शंभर घोडे द्यावेत, असा तिचा पण होता. या पणातून तिच्याकडे दहा हजारांहून अधिक घोडे जमले, असे पोलो सांगतो. आकडा अतिशयोक्त असेल, पण त्यातील हिशेब नेमका आहे. हरणाऱ्याचे घोडे जात, हरली असती तर तिचे स्वतःचे स्वातंत्र्य गेले असते. दोन्ही बाजूंच्या पणांचे मोल सारखे नव्हते. एकदा एक देखणा आणि बलवान राजपुत्र शंभराऐवजी हजार घोडे घेऊन आला. राजाराणीला तो जावई म्हणून पसंत होता, म्हणून त्यांनी मुलीला हरण्याची गळ घातली. तिने ती मानली नाही. बराच वेळ बरोबरीत चाललेल्या त्या कुस्तीत तिने अखेर राजपुत्राला चितपट केले आणि तो लाजेने निघून गेला.

या हकीकतीत आईबापांची विनंती सर्वांत बोलकी आहे. आजच्या मल्लांच्या भाषेत ती 'नुरा' कुस्तीची, म्हणजे आधी ठरवून केलेल्या कुस्तीची मागणी आहे. मुलीचे बळ त्यांना अमान्य नाही, उलट त्या बळाचा त्यांना अभिमान आहे. मात्र ते बळ योग्य वेळी मागे घेतले जावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. खुतुलूनने तसे केले नाही, आणि पोलोनेही तिच्या विजयाला कोणतेही निमित्त जोडले नाही. हा प्रवासी वर्णनात कितीही भर घालत असला तरी या एका बाबतीत तो पुढील अनेक लेखकांहून सरळ आहे. या राजकन्येचा संबंध पुढे युरोपातील 'तुरान्दोत' या नायिकेशी जोडला गेला. तो सर्वमान्य नाही, कारण कोडी घालून वरांची परीक्षा घेणारी राजकन्या निजामीच्या फारसी काव्यात आधीपासून आहे. संबंध मानला तर मात्र एक फरक लक्षात घेण्याजोगा ठरतो. गोझीच्या १७६२ च्या नाटकात आणि पुच्चिनीच्या १९२६ च्या संगीतिकेत नायिका कुस्ती खेळत नाही, ती कोडी घालते. कोडे सोडवता येते. हजार घोडे घेऊन आलेल्या राजपुत्राला त्या मंगोल मुलीची पकड सोडवता आली नव्हती.

जैमिनी अश्वमेधातील प्रमिलेचे आख्यान मराठी वाचकाला श्रीधरस्वामींच्या काव्यामुळे परिचित आहे. अश्वमेधाचा घोडा स्त्रीराज्यात शिरतो, राणी प्रमिला तो अडवते आणि अर्जुनाशी तिचे युद्ध जुंपते. अर्जुनाला तिच्यावर सरशी मिळवता येत नाही. निकालाची वेळ येते तेव्हा आकाशवाणी होते, आणि स्त्रीचा वध न करता तिच्याशी विवाह करण्याचा आदेश अर्जुनाला मिळतो. कथनतंत्राच्या दृष्टीने ही आकाशवाणी म्हणजे कुस्ती सोडवणारा पंच आहे. तिच्यामुळे अर्जुन हरत नाही आणि प्रमिला जिंकत नाही. जोड मोडते आणि जोडा जमतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये याच कथावस्तूवर 'बायकांचे बंड' हे नाटक लिहिले, यावरून स्त्रीशिक्षणाच्या वादाने तापलेल्या काळात या आख्यानाचे आकर्षण किती होते हे कळते. शीर्षकातच युद्धाचे 'बंड' झाले आहे. युद्ध दोन सत्तांमध्ये होते, बंड मात्र सत्तेच्या विरुद्ध होते आणि ते शमवायचे असते.

'निबेलुंगेनलीड' हे साधारण इ. स. १२०० च्या सुमारास रचले गेलेले काव्य या सर्वांत अधिक निष्ठुर आहे. राणी ब्रुनहिल्ड हिला जिंकण्यासाठी भालाफेक, शिलाफेक आणि लांब उडी या तीन स्पर्धांत तिच्यावर मात करावी लागते, आणि हरणाऱ्याला शिर गमवावे लागते. गुंथर राजाला हे शक्य नाही. म्हणून सिगफ्रीड हा वीर अंगावर अदृश्य करणारे वस्त्र घेऊन त्याच्या शेजारी उभा राहतो. बळ सिगफ्रीडचे, हातवारे गुंथरचे. ब्रुनहिल्ड हरते, पणाप्रमाणे विवाह होतो. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला बांधून खिळ्याला टांगून ठेवते, आणि पुन्हा सिगफ्रीडलाच अंधारात येऊन तिला नमवावे लागते. त्यानंतर तिचे असामान्य बळ नाहीसे होते. त्या रात्री त्याने नेलेली तिची अंगठी आणि कमरपट्टा पुढे दोन राण्यांच्या भांडणात उघड होतात, आणि तेथून सिगफ्रीडच्या हत्येपर्यंतचा रस्ता सरळ जातो.

स्त्री-पुरुष लढतीतील पुरुषाचा विजय कपटाचा होता हे या काव्याने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. श्रोत्याला ते पहिल्या क्षणापासून माहीत असते. तरीही काव्यातील दरबाराला तो विजय वैध वाटतो. गुंथर कसा जिंकला असे तेथे कोणी विचारत नाही. हीच लढत ब्रुनहिल्डने अदृश्य साहाय्यकाच्या बळावर जिंकली असती, तर प्रश्न किती लवकर उपस्थित झाला असता, याची कल्पना करता येते. कवीची दृष्टी त्याच्या पात्रांपेक्षा तीक्ष्ण आहे. एका खोट्या निकालावर उभे राहिलेले राज्य कसे कोसळते, हेच त्याने पुढील सर्गांत दाखवले आहे.

एक मिनिट चौतीस सेकंद

पुराण आणि महाकाव्य यांतून बाहेर पडून विसाव्या शतकातील आखाड्यात आले, तरी पणाची भाषा बदलत नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या आणि अलीगढला तालीम केलेल्या हमीदा बानूने फेब्रुवारी १९५४ मध्ये जाहीर केले, की जो पुरुष कुस्तीत आपल्याला हरवील त्याच्याशी आपण लग्न करू. त्याआधीच तिने पतियाळा आणि कलकत्ता येथील मल्लांना हरवले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बडोद्यात तिची बाबा पहिलवानाशी झालेली कुस्ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली ठरली. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या छोटा गामाशीही तिची कुस्ती ठरली होती. स्त्रीशी लढणार नाही असे सांगून त्याने माघार घेतली. भीष्माने शिखंडीवर शस्त्र उचलले नाही, त्या संकेताचे हे आखाड्यातील रूप. भीष्माला त्या संकेताची किंमत शरशय्येवर मोजावी लागली. मल्लाला तो फुकट पडतो, कारण न लढलेली कुस्ती हरलेली म्हणून नोंदवली जात नाही.

हमीदा बानूचा पण हा खुतुलूनच्या पणासारखा दिसला तरी त्याचे स्वरूप वेगळे आहे. येथे राजघराणे नाही, घोड्यांचे कळप नाहीत. येथे तिकिटे आहेत, भित्तिपत्रके आहेत आणि वर्तमानपत्रे आहेत. लग्नाचा पण ही जाहिरात होती, आणि ती परिणामकारक होती. मुंबईत १९४४ मध्ये गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती पाहण्यासाठी सुमारे वीस हजार लोक जमल्याची आणि ऐनवेळी कुस्ती रद्द झाल्यावर त्यांनी मोडतोड केल्याची बातमी त्या काळच्या इंग्रजी दैनिकात आली होती. स्वयंवराचा जुना साचा तिने व्यवसायासाठी जाणीवपूर्वक वापरला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. प्रेक्षक कुस्ती पाहायला येत होते की एका स्त्रीचे लग्न ठरताना पाहायला, हा प्रश्न मात्र त्यामुळे कायम धूसर राहिला. त्याचा फटका तिलाच बसला. प्रेक्षकांनी लग्नाची उत्कंठा विकत घेतलेली असल्याने दोन मिनिटांच्या आत संपणारी निकाली कुस्ती त्यांना फसवणूक वाटू शकत होती.

तिच्या विजयाचे कारण शोधले गेले ते येथेच. रामचंद्र साळुंखे या मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या आक्षेपामुळे होऊ शकली नाही. तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. ती स्त्री आहे म्हणून बंदी नाही, तर तिच्यासमोर बुजगावणी उभी केली जातात अशा तक्रारी आल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर तिला मिळाल्याची नोंद रणजय सेन यांच्या भारतीय क्रीडा-इतिहासावरील ग्रंथात आढळते. आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. व्यावसायिक कुस्तीत नुरा कुस्त्या त्या काळी होत होत्या, आणि पुरुषांच्या कुस्त्याही त्याला अपवाद नव्हत्या. पण संशयाची मोजपट्टी दोघांना सारखी नव्हती. पुरुषांच्या फडात नुरा कुस्ती उघडकीस आली तर ती त्या दोन मल्लांची बदनामी ठरे. येथे मात्र संशय एका स्त्रीच्या सगळ्या कारकिर्दीवर पसरला. पुढे युरोपात जाऊन लढण्याचा मनोदय तिने जाहीर केला, आणि त्यानंतर आखाड्यात ती दिसेनाशी झाली. मुंबईजवळच्या कल्याणला दुधाच्या धंद्यावर तिचे उरलेले आयुष्य गेले. १९८६ मध्ये तिचे निधन झाले.

याच दशकात न्यूयॉर्क राज्यात घडलेली एक घटना येथे आठवते. १९५९ मध्ये वायएमसीएच्या जूदो स्पर्धेत जखमी सहकाऱ्याच्या जागी रस्टी कानोकोगी ही तरुणी छाती आवळून, केस आखूड ठेवून पुरुषांच्या संघातून उतरली आणि जिंकली. नंतर ती स्त्री आहे हे कळताच तिला पदक परत करावे लागले. येथे ना पण होता, ना जाहिरात. निकाल मॅटवर लागला होता आणि पंचांनी तो मान्यही केला होता. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच संस्थेने तिला पदक दिले.

देहाचा प्रश्न

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे. स्त्रीच्या विजयाचे कारण विचारणे हा केवळ पूर्वग्रह नसून त्यामागे शरीरशास्त्राचा आधार आहे, असे कोणी म्हणेल. वयात आल्यानंतर पुरुषाच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण वाढते. खांदे, दंड आणि पकड यांच्या बळात समान वजनाच्या स्त्री-पुरुषांतही लक्षणीय अंतर पडते. त्यामुळेच ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पर्धा स्वतंत्र ठेवल्या गेल्या. जूदो १९८८ मध्ये प्रदर्शनीय आणि १९९२ मध्ये अधिकृत स्वरूपात आला, तर स्त्रियांची कुस्ती २००४ च्या अथेन्स स्पर्धेपासून सुरू झाली. स्त्रियांचा स्वतंत्र गट हा स्त्रियांवरील अन्याय नसून त्यांना खेळता यावे म्हणून केलेली सोय आहे, हे मान्य करावेच लागते.

तथापि हा आक्षेप जेथे लागू पडतो तेथेच तो लावला पाहिजे. वजनगट हीही देहातील अंतराची कबुलीच आहे. सत्तावन्न किलोच्या पुरुष मल्लाला शंभर किलोच्या मल्लापुढे कोणी उभे करत नाही, आणि त्यामुळे सत्तावन्न किलोच्या विजेत्याचे पदक कोणाला कमी वाटत नाही. हमीदा बानूचे वजन १०८ किलो होते असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. तिच्यासमोर आलेला मल्ल हलका असेल, वृद्ध असेल, तालमीत कच्चा असेल, तर ती जोड चुकीची होती असे म्हणावे. जोड लावणाऱ्याला दोष द्यावा. तसे न करता मल्ल स्त्रीलाच खोटी ठरवले जाते तेव्हा प्रश्न शरीरशास्त्राचा राहत नाही.

'दंगल'मधील दोन कुस्त्या

'दंगल'ची चर्चा बहुधा मुलींच्या शिक्षणाचा आणि बापाच्या हट्टाचा चित्रपट म्हणून झाली. मुलींच्या इच्छेविरुद्ध त्यांचे केस कापणारा बाप पितृसत्तेचा प्रतिनिधी की तिच्याविरुद्ध उभा राहिलेला बंडखोर, असा तो वाद होता. तो वाद चित्रपटातील कुस्त्यांकडे फारसे न पाहताच रंगला. वस्तुतः चित्रपटाचे उत्तर त्यातील दोन कुस्त्यांत आहे, आणि त्या दोन्ही कुस्त्यांत गीताचा प्रतिस्पर्धी पुरुष आहे.

पहिली कुस्ती जत्रेच्या दंगलीत होते. मुलगी मुलाशी कुस्ती खेळणार हे ऐकून आयोजक आधी नकार देतो. मग असे काही लावले तर बघ्यांची गर्दी होईल, हे त्याच्या ध्यानात आणून दिले जाते, आणि नकाराचा होकार होतो. दिग्दर्शकाने हा प्रसंग विनोदाने नेला असला तरी त्यात हमीदा बानूच्या काळापासून चालत आलेले सगळे अर्थकारण आहे. समोर उभ्या केलेल्या मुलांतून प्रतिस्पर्धी निवडायला सांगितल्यावर गीता त्यांतील सर्वांत दणकट मुलगा निवडते. जोड ठरवण्याचा वस्तादाचा अधिकार येथे प्रथमच लढणाऱ्या मुलीकडे आला आहे. ती हरते, पण शेवटपर्यंत झुंजते, आणि टिंगल करायला आलेले लोक तिचे कौतुक करत परततात. त्या रात्री तिला झोप येत नाही. पुढची दंगल कधी, हा तिचा प्रश्न ऐकून बापाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आमीर खानच्या या भूमिकेतील उत्तम क्षणांपैकी आहे. या कुस्तीला लग्नाचा पण नाही. उलट लग्नापासून सुटका हाच कुस्तीचा अर्थ आहे, कारण त्याआधीच कोवळ्या वयात बोहल्यावर चढलेल्या मैत्रिणीच्या तोंडून चित्रपटाने तो सांगितला आहे. खुतुलून आणि प्रमिला यांच्यापासून चालत आलेला साचा येथे मोडतो, ही 'दंगल'ची निःसंशय मिळकत आहे. दोघेही किशोरवयीन असल्याने देहाचा आक्षेपही येथे फारसा लागू होत नाही.

दुसरी कुस्ती गीता आणि महावीर यांची. पतियाळ्याच्या राष्ट्रीय अकादमीतून सुटीवर आलेली गीता बहिणीला नवे डाव शिकवते. बापाला ते रुचत नाही, आणि वाद आखाड्यात जाऊन मिटवायचे ठरते. लेक बापाला चीत करते. चित्रपटातील स्त्री-पुरुष कुस्त्यांत सर्वांत मोठा विजय हाच, कारण प्रतिस्पर्धी तिचाच वस्ताद आहे आणि तिचा प्रत्येक डाव त्याच्या ओळखीचा आहे. परंतु चित्रपट हा विजय विजय म्हणून दाखवत नाही. कॅमेरा धापा टाकणाऱ्या बापाकडे वळतो. बाप थकला होता, त्याचे वय झाले होते, असे धाकटी बहीण बबिता गीताला सुनावते. त्यानंतर गीता आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हरत जाते, आणि फोनवर रडत बापाची क्षमा मागेपर्यंत तिचे नशीब पालटत नाही. कथनाच्या या रचनेचा अर्थ टाळता येत नाही. गीता मुलाकडून हरली तेव्हा गावाने टाळ्या दिल्या. ती पुरुषाला हरवते तेव्हा कथानक तिला शिक्षा देते.

भारतीय गुरुपरंपरेत गुरूला हरवणारा शिष्य ही गुरूच्या अभिमानाची गोष्ट मानली जाते, आणि शिष्याकडून पराभूत व्हावे ही गुरूची इच्छा असते असे वचनही आहे. गीताच्या जागी एखादा पुरुष शिष्य असता, तर हीच कुस्ती गुरूच्या डोळ्यांतील आनंदाश्रूंवर संपली असती, असा तर्क करायला जागा आहे. अर्थात पटकथेची बाजूही पाहिली पाहिजे. गीताचा दोष विजय हा नसून विजयानंतरचा ताठा हा आहे, असे लेखकांना म्हणायचे असावे. पण ताठा दाखवायला त्यांनी दुसरा प्रसंग निवडला नाही. तो त्यांनी नेमका याच विजयाला चिकटवला, आणि त्यावर वयाचे कारण ठेवले. हमीदा बानूच्या विजयांना जे कारण चिकटवले गेले, तेच २०१६ मध्ये घरच्या मुलीच्या तोंडी आले.

शेवटच्या सामन्यात ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न दिसतो. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने सुवर्णपदक मिळवले हा इतिहास आहे. त्यात बापाला ऐनवेळी खोलीत कोंडल्याचा प्रसंग चित्रपटाने कल्पनेने घातला आहे. त्यामुळे निर्णायक डाव गीताला एकटीने टाकावा लागतो. चांगली पटकथा म्हणून हे ठीकच आहे. पण तेथे तिच्यासमोर स्त्री आहे, आणि बापाविना जिंकण्याची परवानगी कथानकाने तिला तेव्हाच दिली आहे. बापासमोर, बापाविरुद्ध मिळवलेला तो आधीचा विजय तसाच कारणाखाली दबून राहतो.

चीनमध्ये हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याला 'कुस्ती खेळा, बाबा' अशा अर्थाचे शीर्षक देण्यात आले. वितरकांच्या मनात बहुधा बापाच्या जिद्दीचा गौरव असावा. वाचताना मात्र ते मुलीने वस्तादाला दिलेले आव्हान वाटते. गावच्या त्या आखाड्यात, हलगी नाही, इनाम नाही, लग्नाचा पण नाही अशा स्थितीत, एकमेकांची प्रत्येक पकड ओळखणारे दोघे समोरासमोर उभे असतात. वयाचे अंतर आहे, पण तालमीचे नाही. या लेखात आलेल्या सगळ्या लढतींत जोड म्हणता येईल अशी कुस्ती बहुधा हीच.